गव्यावर बसलेला कोल्हा

डोंगराच्या अंगावर पसरलेल्या एका जंगलात एक कोल्हा राहत असे. मुलांनो, गोष्टीत कोल्हा आला की तो लबाडच असणार, हे तुम्ही आधीच ठरवून टाकले असेल. पण हा तसा नव्हता. कोल्हा असून घरकोंबडा होता बिचारा! बायकोचे ऐकायचा, बिळाभोवती घुटमळायचा आणि पोरांच्या मागे मागे फिरायचा. त्याला दोन पिल्ले होती, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. या गोष्टीत लबाड कुणीच नाही, हे आताच सांगून ठेवतो. म्हणूनच ती सांगताना मला जड जाते.

कोल्ह्याच्या शेजारी एक खवलेमांजर राहत असे. हा प्राणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला नसेल. अंगावर कौलारू छपरासारखे एकावर एक खवले, तोंडात दात एकही नाही, आणि जेवण म्हणजे मुंग्या नि वाळवी. सगळे तिला खवली म्हणत. तिला एकच पिल्लू होते आणि ते आईच्या शेपटीच्या बुडाशी बसून हिंडत असे. पुढे ते स्वतःच्या पायांनी चालायला शिकले, तरी खवलीची शेपटी चालताना जराशी उचललेलीच असायची. पिल्लू कधी टुणकन चढून बसेल याचा नेम नव्हता ना!

तिने त्याला एकच धडा पक्का शिकवला होता. "सोन्या, भीती वाटली की पळायचं नाही. पोटात नाक घालायचं, शेपटी गुंडाळायची आणि गोल होऊन पडायचं. मग वाघसुद्धा काही करू शकत नाही." आणि हे खरेच होते. एकदा एका वाघाने खवलीला पंजाने इकडून तिकडे लोटून पाहिले, दात लावून पाहिले आणि शेवटी कंटाळून निघून गेला.

उन्हाळ्यात त्या डोंगरावरचे सगळे झरे आटत. पाणी उरे ते फक्त तळाच्या डोहात. तिथे जायला वाट एकच होती. एका बाजूला खडकाची भिंत, दुसऱ्या बाजूला खोल घळ, आणि मध्यावर करवंदीच्या जाळीपाशी एक अवघड वळण. त्या वळणाचा एक रिवाज होता. अलीकडे थांबायचे, हाक द्यायची, आणि खालून पाणी पिऊन येणाऱ्याने कडेला उभे राहून वरून येणाऱ्या तहानलेल्याला आधी जाऊ द्यायचे. या वाटेवर कुणी कुणाला खायचेही नाही. हे कुणी ठरवले ते कुणालाच ठाऊक नव्हते, पण वाघदेखील त्या वळणावर थांबून घसा खाकरत असे.

एका संध्याकाळी एक रानडुक्कर पाणी पिऊन वर निघाले. चिखलात लोळून अंग गार झाले होते, स्वारी खुशीत होती. वळणावर ते थांबले नाही आणि त्याने हाकही दिली नाही. कोल्ह्याचा थोरला मात्र रीतसर हाक देऊन पुढे झाला होता.

कोल्हा धावत आला तेव्हा काही करण्यासारखे उरले नव्हते. डुक्कर कडेला उभे होते. "मला दिसलंच नाही हो," ते म्हणाले.

"दिसलं नाही असं म्हणू नकोस," कोल्हा म्हणाला. "तू पाहिलं नाहीस."

डुकराने मान फिरवली आणि ते निघून गेले.

त्या दिवसांत खवलीने कोल्ह्याचे बिऱ्हाड सांभाळले. कोल्हीण बिळाच्या तोंडाशी बसून राही, काही खात नसे. खवली एखादे चांगले वारूळ उकरून पळसाच्या पानावर वाळवी घेऊन येई आणि म्हणे, "ताई, माझ्यासाठी चार तरी खा." कोल्हीण मुकाट्याने खाई. धाकटीला खवली आपल्या पिल्लाशी खेळायला नेई. पिल्लू गोल होई आणि धाकटी नाकाने त्याला उतारावरून ढकलून देई. ते गडगडत खाली जाई, उलगडे आणि पुन्हा वर पळत येई. थोरला गेल्यावर धाकटी पहिल्यांदा हसली ती याच खेळात.

पण कोल्हिणीच्या मनातली भीती काही जाईना. धाकटी पाण्यावर निघाली की ती परत येईपर्यंत कोल्हीण बिळाबाहेर येरझारा घाली. एकदा कोल्हीण नवऱ्याला म्हणाली, "माझं एक गेलं. हे एक तरी राहू दे. आपण लहान म्हणून चिरडले गेलो. मोठ्याच्या अंगावर कोण जातंय?"

कोल्ह्याच्या डोक्यात हा विचार घुमू लागला.

त्याच जंगलात एक म्हातारा गवा एकटाच फिरत असे. कळपातल्या तरण्या गव्याने त्याला हुसकून लावले होते. नजर अधू झाली होती, अंगावर गोचिडांचा बुजबुजाट झाला होता, आणि दोन शब्द बोलायला कुणी नव्हते. देह मात्र एवढा प्रचंड की तो चालला की वाटेवरचे खडे हलायचे. तरीही त्याच्या खुराखाली आजवर साधी खारसुद्धा आली नव्हती. कारण तो मान खाली घालून चाले. नाक जमिनीलगत, फूं फूं करत, वास घेत, जणू प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी जमिनीला विचारत. एकदा एका उंदरिणीने वाटेच्या मधोमध पिल्ले घातली, तर ती आपला संसार हलवीपर्यंत हा डोंगराएवढा प्राणी उन्हात तिष्ठत उभा राहिला होता.

कोल्हा त्याच्याकडे गेला. "गवेदादा, मी रोज तुमचे गोचीड काढीन. कोवळं गवत कुठं आहे ते सांगीन. तुम्ही मला नि माझ्या पोरीला पाठीवर घेऊन पाण्यावर न्याल का?"

गव्याला गोचिडांपेक्षा गप्पांची भूक मोठी होती. तो म्हणाला, "बस की. तुझं वजन ते काय!"

तुम्ही म्हणाल, कोल्हा कधी गव्यावर बसतो का? अहो, माणसे कशाकशावर बसतात ते पाहिले तर कोल्ह्याचे काहीच नवल वाटणार नाही. तर बसला. धाकटीला पुढ्यात घेतले आणि ऐटीत म्हणाला, "चला." गव्याने सवयीप्रमाणे मान खाली घातली, वास घेतला, आणि बापलेक दोघे मानेवरून, शिंगांमधून, नाकाडावरून घसरत थेट करवंदीच्या जाळीत! धाकटी खदखदून हसली. कोल्ह्याच्या नाकात काटा रुतला, त्यामुळे त्याला तेवढे हसू आले नाही.

"गवेदादा, मान वर ठेवा," तो पुन्हा चढून म्हणाला.

"मान वर केली तर पायाखालचं कळत नाही रे मला," गवा म्हणाला. "मला दिसतं थोडं. मी वासावर चालतो."

"वर मी आहे ना बघायला! इथून मला सगळं जंगल दिसतंय."

गव्याने मान वर केली. कोल्हा म्हणाला ते खोटे नव्हते. तिथून डोह दिसे, पलीकडचा डोंगर दिसे, लांबून येणारा वाघही दिसे. फक्त गव्याच्या खुरांपुढची जमीन दिसत नसे. कोल्ह्याला वाटे, पाय गव्याचे आहेत, ते कुठे पडतात हे गव्याला कळत असणारच. गव्याला वाटे, डोळे कोल्ह्याचे आहेत, तो बघत असणारच.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले. कोल्हीण थोरला गेल्यापासून प्रथमच गाढ झोपली. धाकटी वर बसून गाणी म्हणे. आणि एकदा तर ते रानडुक्करच समोरून आले. गवा बघताच त्याची पाचावर धारण बसली. ते पटकन कडेला सरकले आणि मान खाली घालून उभे राहिले. कोल्ह्याची छाती फुगली. खोटे कशाला बोलू, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा या जागी मलाही बरे वाटले होते.

हळूहळू कोल्हा वळणावर थांबेनासा झाला. हाक देणेही सुटले. "गव्याचे खूर ऐकू येतातच की सगळ्यांना," तो म्हणे. गवा मुकाट्याने चालत राही. बरोबर कुणी आहे, याच आनंदात तो होता.

मग जंगलात कुरकुर सुरू झाली. उंबराखाली सगळे जमले.

मुंगूस म्हणाले, "कोल्हेभाऊ, वाट सगळ्यांची आहे. तुमचा गवा आला की आम्हाला घळीत लोंबकळावं लागतं."

"क्षणभर लोंबकळलात तर काय झिजलं?" कोल्हा म्हणाला. "माझं एक पोर त्याच वाटेवर गेलं. दुसऱ्याला मी जपू नको?"

त्याचे दुःख खरे होते, आणि खऱ्या दुःखापुढे वाद घालताना चांगल्या चांगल्यांची जीभ अडखळते.

झाडावरून वानर ओरडले, "ज्याला जमतं त्याने गवा ठेवावा! तुम्हाला जमत नाही म्हणून पोटात दुखतंय तुमच्या!" हे महाशय फांद्यांवरून उड्या मारत पाण्यावर जाणारे. त्यांना वाटेशी काय देणेघेणे? पण बोलण्यात सर्वांत पुढे.

ससा चाचरत म्हणाला, "गव्याबद्दल तक्रार नाही. वळणावर हाक तेवढी द्या."

मग खवली बोलली. "भाऊजी, मला गव्याची भीती नाही वाटत. मान खाली घालून चालायचा तेव्हा माझं पिल्लू त्याच्या नाकाला जाऊन चिकटायचं. त्याला तेवढी मान खाली घालू द्या."

"मान खाली घातली की मी पडतो हो, खवलीबाई!" कोल्हा म्हणाला. त्याची ती करवंदीच्या जाळीतली उडी सगळ्यांना ठाऊक होती. सगळे हसले. खवलीही हसली. आणि ती गोष्ट तिथेच राहून गेली.

उलट दुसराच प्रकार सुरू झाला. मुंगसाने एक भेकर गाठले आणि त्यावर बसून हिंडू लागले. विचारले तर म्हणाले, "कोल्ह्याकडे गवा आहे म्हटल्यावर मी काय जमिनीवरून सरपटू?" साळिंदराने सांबराशी बोलणी लावली, पण काटे बघून सांबर कबूल होईना. जो तो आपल्या पिल्लांच्या काळजीने मोठे काहीतरी शोधू लागला, आणि पायी चालणाऱ्याला वाट आणखीच अरुंद झाली. मुलांनो, तुम्ही हसू नका. आमच्या गल्लीत शाळा सुटायच्या वेळी मी फाटकाशी उभा असतो. चारही चाकांना जोर असलेल्या, चिखल नि डोंगर तुडवण्यासाठी घडवलेल्या उंच उंच गाड्या तिथे एकेका पोराला न्यायला येतात आणि एकमेकींवर हॉर्न वाजवत बसतात. विचारा कुणालाही, उत्तर एकच मिळते, "रस्ते किती वाईट आहेत, लोक कसे चालवतात, आमच्या मुलाच्या जिवासाठी घेतली हो." तेही खोटे बोलत नसतात.

या सगळ्यात एका गोष्टीकडे कुणाचे लक्ष गेले नाही. धाकटी आता जमिनीवर उतरत नव्हती. कोल्हिणीने बजावले होते, "वाटेवर पाय ठेवायचा नाही." त्यामुळे तो गडगडायचा खेळ बंद पडला. खवलीचे पिल्लू वाटेच्या कडेला उभे राहून वर बघत राही. धाकटी वरून त्याच्यासाठी एखादे उंबर टाके. खवलेमांजर उंबर खात नाही, पण पिल्लू ते तोंडात धरून घरी नेई.

एके दिवशी ऊन कलल्यावर कोल्हा आणि धाकटी पाणी पिऊन परत निघाले. त्याच वेळी खवली पिल्लाला घेऊन वरून पाण्यावर येत होती. खालून खुरांचा आवाज आला तसे पिल्लू आईच्या शेपटीवरून उतरले. "आई, मी पुढे जातो. धाकटी आलीय." खवली म्हणाली, "वळणावर थांब. हाक दे." ते तुरुतुरु पळाले. वळणावर थांबले. आपल्या इवल्याशा आवाजात त्याने हाक दिली, "आम्ही येतोय!" ते तहानलेले होते, वाट त्याची होती, आणि समोरचा थांबणार हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. म्हणून ते निर्धास्तपणे वाटेच्या मध्ये आले.

कोल्हा तेव्हा धाकटीला लांबच्या डोंगरावरचा वणवा दाखवत होता. माश्या घोंगावत होत्या, खूर वाजत होते. हाक त्याच्यापर्यंत पोचली नाही. गव्याची मान वर होती.

जमीन हादरू लागली तशी पिल्लाला भीती वाटली. त्याने आईने शिकवले होते तेच केले. पळाले नाही. पोटात नाक घातले, शेपटी गुंडाळली आणि गोल होऊन पडून राहिले.

खाली काहीतरी कडकडले.

"बाबा, काय वाजलं?" धाकटीने विचारले.

"दगड असेल," कोल्हा म्हणाला.

वळण पार करून ते थोडे वर आले, तर समोरून खवली येत होती. ती घाईने खडकाला चिकटून उभी राहिली आणि वर बघून म्हणाली, "भाऊजी, पिल्लू पुढे आलंय. वाटेत भेटलं का?"

"नाही हो," कोल्हा म्हणाला. "वाटेत कुणीच नव्हतं."

खवली बरे म्हणून पुढे निघाली. शेपटी नेहमीसारखी जराशी उचललेली होती.

धाकटीने बापाकडे पाहिले. "बाबा," ती म्हणाली, "तो दगड..."

यापुढचे मला नीट सांगता येत नाही. कोल्ह्याने गव्याच्या पाठीवरून खाली उडी टाकली आणि तो वळणाकडे धावला. खवली आधीच पोचली होती. ती पिल्लाच्या भोवती गोल होऊन बसली होती, ते शेपटीवर बसण्याइतकेही मोठे नव्हते तेव्हा बसायची तशी. गवा मागून आला. कुणी वर बसलेले नसल्यामुळे त्याची मान आपोआप खाली गेली. त्याने वास घेतला.

"मला कळलं असतं," तो म्हणाला. "मान खाली असती तर मला कळलं असतं रे."

कोल्हा पुढे झाला. त्याला काहीतरी म्हणायचे होते. "खवलीबाई, मला दिस..." एवढे म्हणून तो थांबला. हे वाक्य त्याने आधी एकदा ऐकले होते, याच वळणावर, आणि त्याला काय उत्तर दिले होते तेही त्याला आठवले.

खवलीने मान वर केली नाही. ती स्वतःशीच बोलत होती. "मीच त्याला शिकवलं. पळू नकोस म्हणून मीच सांगितलं. वाघापासून वाचला असता हो तो."

बातमी पसरली तसे सगळे वळणावर जमले. आणि दुःख झाले तरी वाद घालायचा कुणी सोडतो का? एक म्हणाला, गवे बंद करा. दुसरा म्हणाला, गव्याचा काय दोष, पोराला एकटे पुढे सोडलेच कशाला? मुंगूस भेकरावरून न उतरताच म्हणाले, "वाटेच्या मधोमध कुणी बसतं का?" वानर झाडावरून म्हणाले, "नशीब एकेकाचं." खवलीला हे सगळे ऐकू येत होते.

तेवढ्यात गर्दीतून ते रानडुक्कर पुढे आले. ते कोल्ह्याच्या शेजारी येऊन उभे राहिले, अगदी अंगाला अंग लावून, आणि समजूत घालत हळू आवाजात म्हणाले, "जाऊ द्या कोल्हेभाऊ. होतं असं. आपण काय मुद्दाम केलं का? आपल्याला दिसलंच नाही."

आपल्याला! ज्याचे तोंड पाहायचे नाही असे कोल्ह्याने ठरवले होते, ते डुक्कर त्याला आपल्यातला म्हणून जवळ घेत होते. आणि कोल्ह्याला बाजूला सरकायला जागा नव्हती, कारण ते म्हणत होते त्यात काहीच खोटे नव्हते. तो तिथेच खाली बसला आणि थोरला गेला तेव्हा रडला नव्हता इतका रडला.

त्या संध्याकाळी कोल्हीण पळसाच्या पानावर वाळवी घेऊन खवलीच्या बिळाशी गेली. "चार तरी खा, ताई," ती म्हणाली. खवली बाहेर आली नाही. सकाळी पान तसेच होते, वाळवी तेवढी निघून गेली होती.

धाकटी पुन्हा गव्यावर चढली नाही. आईने हातापाया पडून सांगितले, बाप रागावला, तरी नाही. पाण्यावर निघाली की ती पायी निघे, सर्वांच्या पुढे. वळणाच्या अलीकडे थांबे आणि घसा ताणून हाक देई. समोरून उत्तर आले नाही तर पुन्हा देई. तिच्या मागून कोल्हा चाले आणि त्याच्या मागून म्हातारा गवा, रिकाम्या पाठीने, नाक जमिनीला लावून. गोचीड काढायचे कोल्ह्याने सोडले नाही. पण गप्पा मात्र त्यांच्यात पूर्वीसारख्या कधीच झाल्या नाहीत.

मग जंगल शहाणे झाले, सगळे हाक देऊ लागले, असे सांगितले तर तुम्हाला बरे वाटेल. काही जण देऊ लागले. ससा तर आधीपासूनच देत होता. मुंगूस चार दिवस भेकरावरून उतरून चालले आणि पुन्हा चढले. रानडुक्कर होते तसेच राहिले.

खवलीला पाण्यासाठी त्याच वाटेने यावे लागे, दुसरी वाटच नव्हती. कोल्हा पाणी पिऊन येताना वळणाखाली थांबून राही. कुणी येत नसले तरी थांबे. खवली आली की तो खडकाला पाठ लावून उभा राही आणि मान खाली घालून तिला वाट देई. ती त्याच्याकडे पाहत नसे. तिने त्याला क्षमा केली की नाही, हे जंगलात कुणालाच कळले नाही, आणि विचारायचे धाडस कोल्ह्याला झाले नाही. ती हळूहळू समोरून निघून जाई. जाताना तिची शेपटी अजूनही जराशी उचललेली असे, वर कुणीतरी बसले आहे आणि ते पडू नये, अशी.

तात्पर्य : जो उंच बसतो त्याने आधी खाली पाहावे. आपले लेकरू जपताना दुसऱ्याच्या लेकराला जो वाट देत नाही, त्याला पुढे सगळी वाट मोकळी मिळाली तरी ती त्याच्याने चालवत नाही.